कप्तानसाहेबांची आठवी कॅसेट

ताकामात्सूच्या छपराखालच्या लांबलचक बाजारपेठेत, बंदराकडून चालत आले की डाव्या हाताला ‘मामेया’ नावाचे एक चिंचोळे दुकान लागते. मामेया म्हणजे दाणेवाला. ही पाटी हिसाए तोकुनागा यांच्या वडिलांच्या हयातीतली. ते खरोखरच भाजलेले सोयाबीन आणि साखरेत घोळवलेले दाणे विकत. पुढे दाणे गेले, काचेच्या बरण्या राहिल्या, आणि त्या बरण्यांत हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या वापरलेल्या कॅसेटी येऊन बसल्या. याला आता एकतीस वर्षे झाली. पाटी बदलावी असे मात्र कोणाच्याच मनात आले नाही. अजूनही वर्षाकाठी एखादी म्हातारी आत येऊन ओंजळभर काळे दाणे मागते, आणि हिसाएबाई तिला विन्मुख न पाठवता दाण्यांऐवजी एक कॅसेट देतात. अशा तीन आजीबाई आज मामेयाच्या नित्याच्या गिऱ्हाईक आहेत. दातांची आता तक्रार नाही, असे त्या सांगतात.

हिसाएबाईंचे वय अठ्ठावन्न. अंगकाठी लहान, चष्मा मोठा, आणि दोन्ही अंगठ्यांच्या पेरांवर लेखकाच्या बोटावर असतो तसा घट्टा. कॅसेटी विकणारी दुकाने गावात आणखीही होती, पण तिथे वस्तू मिळे. मामेयात शिफारस मिळे. शिफारस करणे ही हिसाएबाईंच्या लेखी एक विद्या होती, आणि कोणत्याही विद्येप्रमाणे तिच्यातही अधिकारभेद हे पहिले सूत्र होते. खेळ चांगला की वाईट, हा प्रश्न त्यांना अपुरा वाटे. कोणाला चांगला, हे कळल्यावाचून त्या बरणीचे झाकण उघडत नसत. रस वाढायचा तर आधी रसिक पाहावा लागतो. भरलेल्या पोटाला पक्वान्नही जाचते.

ही परीक्षा त्या तीन प्रश्नांत उरकत. कोणत्या बोटीने जाता? बोटीत कोणता हात मोकळा असतो? आणि आज दिवसभरात किती माणसांशी बोललात?

पहिल्या प्रश्नाचे प्रयोजन उघड आहे. मामेयाचे निम्मे गिऱ्हाईक बेटांवरचे. मेगिजिमाची बोट वीस मिनिटांची, ओगिजिमाची चाळीस, शोदोशिमाची तासाभराची. आणि धक्का आल्यावर अर्ध्यावर सोडावा लागणारा खेळ माणसाच्या घरच्यांवर राग काढतो, हे हिसाएबाईंनी पाहिले होते. दुसऱ्या प्रश्नामागे करुणा होती. ज्याच्या एका हातात भाजीची पिशवी आहे, त्याच्या हाती दोन अंगठ्यांचा खेळ देणे हा त्यांना अधर्म वाटे. तिसरा प्रश्न म्हणजे त्यांच्या विद्येचा गाभा.

“आज किती जणांशी बोललात?” असे त्यांनी एकदा शोदोशिमाच्या एका परिचारिकेला विचारले, तर ती म्हणाली, “अहो, मोजायला बसले तर रडू येईल मला.”

“मग ही घ्या. यात दगड पडतात, तुम्ही रचायचे. कोणी बोलत नाही, कोणी आजारी पडत नाही, कोणाचे नातेवाईक येत नाहीत.”

तिच्या मागे त्याच बेटावरच्या ऑलिव्हच्या बागेत राबणारा एक गृहस्थ उभा होता. त्याने त्याच प्रश्नावर उलट विचारले, “झाडं धरून की सोडून?” त्याला हिसाएबाईंनी ब्याण्णव गावकरी असलेला एक खेळ दिला. त्या गावकऱ्यांतल्या प्रत्येकाची एक तक्रार असे, आणि ती रोज सकाळी ऐकून घ्यावी लागे. गृहस्थ महिनाभराने आला तो उजळलेल्या चेहऱ्याने, म्हणाला, “भांडकुदळ लोक आहेत सगळे. फार बरं वाटतं.”

ज्यांना प्रश्न विचारून घ्यायचा संकोच होता, त्यांच्यासाठी चिठ्ठ्या होत्या. आपल्या गावच्या दुकानांत हाताने लिहिलेल्या शिफारसचिठ्ठ्या लावायची रीत जुनीच. पण हिसाएबाईंच्या चिठ्ठ्या कुंचल्याच्या पेनाने, पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर, एकटाकी लिहिलेल्या असत, आणि बाजारपेठेतले लोक नुसत्या त्या वाचायला येत. एकीवर होते: ‘परीक्षेच्या आठवड्यात घेऊ नये. मी घेतला होता.’ दुसरीवर: ‘यातला राजा मूर्ख आहे, पण घोडा गुणी.’ तिसरीवर: ‘मेगिजिमापुरता. ओगिजिमाला जाणाऱ्यांनी एकदा हरावे.’ आणखी एकीवर: ‘सासूबाईंना देण्यास योग्य. आवाज पूर्ण बंद करता येतो.’ अशा तीनशे चाळीस चिठ्ठ्या जमिनीपासून छतापर्यंत लागल्या होत्या. खेळ बनवणाऱ्या कंपन्यांकडून चकचकीत छापील फलक फुकट येत. ते मागच्या खोलीत, गुंडाळी न सोडता, उभे असत.

शिफारस पटली नाही तर सात दिवसांत कॅसेट परत आणावी आणि दुसरी न्यावी, हा मामेयाचा नियम होता. एकतीस वर्षांत अकराच परत आल्या होत्या. त्यांतल्या दोन कुत्र्याने चावल्या म्हणून आल्या, तेव्हा त्या हिसाएबाई धरीत नसत.

आणि मग गेल्या वसंतात हामागुची कप्तान निवृत्त झाले.

तोकुजिरो हामागुची यांनी अडतीस वर्षे ओगिजिमाची बोट नेली-आणली. बाजारपेठेतला निम्मा माणूस लहानपणी त्यांच्या बोटीत ओकला होता, आणि त्यांनी त्यांपैकी कोणाकडेही कधी रागाने पाहिले नव्हते. खरे तर कोणाकडेच कधी पाहिले नव्हते, कारण ते वर, काचेआड असत. निवृत्तीच्या दिवशी बोटीवरच्या लोकांनी मिळून त्यांना एक नवेकोरे, खिशात मावणारे गेमचे यंत्र भेट दिले. मिळालेली भेट कपाटात ठेवून देणे म्हणजे देणाऱ्याचे तोंड उतरवणे. तेव्हा कप्तानसाहेबांनी ते यंत्र वापरायचे, आणि देणाऱ्यांना दिसेल असे वापरायचे, हे ओघानेच आले. एके सकाळी ते मामेयाच्या दारात उभे राहिले. टोपी काढून त्यांनी मान लववली आणि म्हणाले, “तोकुनागा-सान, मला यातलं काही कळत नाही. आपण द्याल ते.”

इथे हिसाएबाईंच्या हातून ती चूक घडली, जी या गावातल्या कोणाही सभ्य माणसाच्या हातून घडली असती. त्यांनी तीन प्रश्न विचारले नाहीत. कप्तानसाहेबांना ‘कोणत्या बोटीने जाता’ असे विचारणे म्हणजे देवळातल्या पुजाऱ्याला देव कुठे आहे असे विचारण्यासारखे. आणि ‘किती माणसांशी बोललात’ ही तर अशा पुरुषाच्या बाबतीत शुद्ध आगाऊपणाची गोष्ट झाली असती. आदराने त्यांची जीभ अडखळली. ज्याला अवघे गाव ओळखते त्याला आपणही ओळखतो, असे त्यांनी गृहीत धरले. कप्तान म्हणजे समुद्र. तेव्हा त्यांनी त्यांना सागरी युद्धाचा एक नामांकित खेळ दिला.

सातव्या दिवशी दुपारच्या बोटीने कप्तानसाहेब परत आले. दोन्ही हातांनी कॅसेट पुढे करून म्हणाले, “खूप शिकायला मिळालं.”

हे वाक्य ऐकून हिसाएबाई काय ते समजल्या. व्याख्यान रटाळ झाले, सुनेचा पहिला स्वयंपाक बिघडला, पुतण्याने बासरी बेसूर वाजवली, की आपल्याकडे माणसे हेच म्हणतात, आणि ऐकणाऱ्याने मान लववून आभार मानायचे असतात. त्यांनी ते मानले. ‘काय आवडलं नाही?’ असे विचारणे शक्यच नव्हते. तसे विचारणे म्हणजे बिचाऱ्याला ‘आवडलं नाही’ असे तोंडाने म्हणायला लावणे.

दुसरी कॅसेट मासेमारीची दिली. खूप शिकायला मिळाले. तिसरी चाच्यांची, चौथी पाणबुडीची, पाचवी बर्फात अडकलेल्या गलबताची. खूप, खूप शिकायला मिळाले. कप्तानसाहेब प्रत्येक खेळ शेवटपर्यंत खेळत, कारण पानात वाढलेले टाकणे त्यांच्या स्वभावात नव्हते. आणि ते इतक्या निष्ठेने शेवटपर्यंत जातात हे पाहून हिसाएबाई पुढचा खेळ आणखी लांब, आणखी खोल पाण्याचा देत. दोन सज्जन माणसे एकमेकांचा मान राखता राखता अशी एकमेकांना छळीत होती. प्रत्येक कॅसेटच्या डबीत आभाराचे एक पत्र असे. त्याची सुरुवात रिवाजाप्रमाणे ऋतूने होई, मध्ये खेळातल्या एकदोन गोष्टींचा उल्लेख असे, आणि शेवटी दुकानाच्या भरभराटीची प्रार्थना.

सातवी कॅसेट, बंदरातली वाहतूक सांभाळण्याचा खेळ, परत आली तो मंगळवार होता. त्या दिवशी हिसाएबाईंनी प्रथमच हात आखडता घेतला. “आज नको, कप्तानसाहेब. पुढची मी नीट विचार करून काढून ठेवते. शुक्रवारी या.”

“माझ्यामुळे आपल्याला त्रास,” असे म्हणून कप्तानसाहेब तीन वेळा वाकले आणि गेले.

शेजारी किनुए ओनिशी हिचे उदोनचे दुकान आहे. जाड शेवयांचे ते वाडगे सकाळी साडेसहाला सुरू होतात आणि शेवया संपल्या की, म्हणजे दुपारी दोनच्या आत, दुकान बंद. हिसाएबाई आणि किनुए बालवाडीपासूनच्या मैत्रिणी, म्हणून एकमेकींच्या नावापुढे मानाच्या ‘सान’ऐवजी लाडाचे ‘चान’ लावायचा हक्क अजून शाबूत. त्या दिवशी हिसाएबाई तिथल्या बाकावर बसल्या, तेव्हा चपलांच्या दुकानाचे मानाबे-सान आणि आणखी दहाबारा माणसे वाडग्यांत तोंड घालून सुरसुरत होती.

“किती झाल्या?” किनुएने शेवयांवर कांद्याची पात टाकत विचारले.

“गप बस.”

“सात ना? पाच झाल्या तेव्हा मी एक शब्द काढला नाही, हिसाए-चान. सहाव्याला जीभ चावली. पण सात म्हणजे अति झालं. माझ्याकडे कुणी सात वेळा वाडगा परत पाठवला असता, तर मी पीठ मळणं सोडून फुलं विकली असती.”

“तुझ्या शेवया सगळ्यांना एकच असतात. माझं तसं नाही.”

“तेच म्हणते. सगळ्यांना वेगळं देतेस, आणि त्यांना मेलं एकच. पाणी, पाणी आणि पाणी.”

“कप्तान आहेत ते!”

“आणि मी उदोनवाली. मग मला काय रोज संध्याकाळी उदोन वाढतेस?”

मानाबे-सान वाडग्यातच हसले. हिसाएबाईंचे कान तापले, आणि जे मनातच राहायचे ते ओठांवर आले. त्या म्हणाल्या, “आठवी परत आली ना, तर दुकानातली एकूण एक चिठ्ठी मी स्वतःच्या हाताने काढीन. कंपन्यांचे छापील फलक लावीन. पुन्हा कुणाला काही सुचवणार नाही.”

दुकानातली सुरसुर थांबली. उदोनच्या दुकानात सुरसुर थांबणे म्हणजे काय, हे ज्यांनी तिथे रोज पोट भरले आहे त्यांनाच कळेल. दहाबारा माणसे वाडग्यातून डोकी वर काढून बघत होती. शब्द गेला तो गेला. मानाबे-सान दुकानात पोहोचण्याच्या आधी तो बाजारपेठेच्या दुसऱ्या टोकाला पोहोचलेला होता.

दोन वाजता किनुए एप्रन सोडून मामेयात आली. तोंडावर पश्चात्ताप, हातात टेंपुराच्या गरम भज्यांचा पुडा.

“कशाला बोललीस एवढं?”

“तू कशाला बोलायला लावलंस?”

“मी चिडवत होते गं. चिठ्ठ्या कशाला काढायच्या? माझ्या गिऱ्हाइकांनी वाट बघताना वाचायचं काय?” ती स्टुलावर टेकली. समोर कप्तानसाहेबांची सातही पत्रे पसरलेली होती; हिसाएबाई मघापासून ती पाहत होत्या आणि त्यांना त्यांत सौजन्याखेरीज काही दिसत नव्हते. किनुएने आयुष्यात कधी गेमचे बटण दाबले नव्हते. तिने चष्मा मागून घेतला आणि पत्रे मोठ्याने वाचायला लागली.

“‘चेरीचा बहर ओसरून कोवळी पालवी फुटण्याच्या या दिवसांत…’ हे सोडते. ‘युद्धनौकेवरच्या आचाऱ्याचं मांजर तिसऱ्या पर्वानंतर दिसेनासं झालं. ते सुखरूप असावं, अशी आशा करतो.’” तिने दुसरे उचलले. “‘नदीकाठी जाळी विणणाऱ्या आजींचा खोकला शेवटपर्यंत बरा झाला नाही. औषध शोधलं, मिळालं नाही.’ आणि हे चाच्यांचं. ‘खजिना सापडला. परंतु बेटावर चहा विकणाऱ्या बाईंच्या छपराचं काम अपुरं राहून गेलं, याची रुखरुख लागली आहे.’” किनुएने उरलेली चार भराभर चाळली आणि चष्मा काढला. “हिसाए-चान, यात समुद्र कुठाय गं?”

हिसाएबाईंनी पत्रे आपल्याकडे ओढली.

“सात पत्रं वाचली मी. लाट नाही, वारा नाही, एक साधा मासा नाही. हा माणूस मांजरं शोधतोय.”

खेळ रचणाऱ्यांनी ती मांजरे, त्या आजी आणि ते गळके छप्पर केवळ पडद्याचा कोपरा रिकामा दिसू नये म्हणून टाकलेली असतात. युद्ध, खजिना आणि वादळ ओलांडून कप्तानसाहेब सात वेळा त्या कोपऱ्यात जाऊन बसले होते. सात वेळा त्यांनी आपला रस कुठे आहे ते स्वच्छ अक्षरांत, ऋतूच्या वर्णनासह, लिहून कळवले होते. आणि हिसाएबाईंनी सात वेळा ते सौजन्य समजून डबीत ठेवले होते. आपण या माणसाला पाहिलेच नाही, आपण त्याच्या टोपीला पाहिले, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांना लाज वाटली, आणि पाठोपाठ आपले काम हाती आल्याचा एक जुना, ओळखीचा उत्साहही वाटला.

शुक्रवारी कप्तानसाहेब ठरल्या वेळी आले. बाहेर मानाबे-सान एकच खोके चौथ्यांदा पुसत होते. हिसाएबाईंनी दार ओढून घेतले, गल्ल्यामागून पुढे आल्या, आणि खोल श्वास घेऊन म्हणाल्या, “कप्तानसाहेब, आगाऊपणाची क्षमा असावी. मला तीन प्रश्न विचारायचे आहेत. पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते.”

कप्तानसाहेब चौकशी समितीपुढे उभे असल्यासारखे ताठ झाले. “विचारा.”

“कोणत्या बोटीने जाता?”

“ओगिजिमाच्या.”

“बोटीत कोणता हात मोकळा असतो?”

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिले. “दोन्ही,” ते म्हणाले. “आता दोन्ही.”

“आज किती माणसांशी बोललात?”

हा माणूस खोटे बोलणारा नव्हता. त्याने मनात मोजणी सुरू केली. “तिकिटाच्या खिडकीवरचे गृहस्थ… ते बोलले, मी मान हलवली. ते धरू नये. तुम्ही. म्हणजे एक.”

“आणि काल?”

“काल मांजर होतं.” मग ते म्हणाले, “एक सांगू का, तोकुनागा-सान? अडतीस वर्षं मी माणसं नेली. पण वरून नेली. वरून दिसतात त्या टोप्या आणि छत्र्या. एक लाल ठिपक्यांची छत्री होती; वीस वर्षं रोज यायची. एक दिवस यायची थांबली. कोणाची होती, ते मला माहीत नाही. कोणाला विचारायचं, तेही कळलं नाही.”

हिसाएबाईंनी सर्वांत वरच्या फळीवरची बरणी काढायला शिडी लावली. त्या खाली उतरल्या तेव्हा हातात एक मळकट कॅसेट होती. कोण्या पोराने तिच्यावर शाईने आपले नाव घालून पुन्हा खोडलेले. “हा खेळ डोंगरातल्या एका जुन्या पाहुणघराचा आहे. तुम्ही यजमान. पाहुणे येतात, राहतात, जातात. कुणाला लोणचं आवडतं, कुणाला खिडकीजवळची खोली लागते, कुणाला नुसतं गप्प बसायचं असतं. ते लक्षात ठेवायचं. लढाई नाही. जिंकणं नाही.”

“समुद्र?”

“पाणी आहे, ते आंघोळीच्या कुंडापुरतं.”

कप्तानसाहेबांनी कॅसेट दोन्ही हातांत घेतली. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळण्यासारखे नव्हते. “आपण द्याल ते,” असे म्हणून ते गेले.

पुढचा आठवडा बाजारपेठेने मोजून काढला. लोक मामेयात येऊन चिठ्ठ्या वाचू लागले, कोणी निरोप घ्यायला आल्यासारखे. एकाने घोड्याच्या चिठ्ठीचा फोटो काढला, तेव्हा हिसाएबाईंनी त्याला झाडूने बाहेर घालवले. सातव्या दिवशी दुपारची बोट लागली. धक्क्यापासून मामेयापर्यंतचे अंतर कप्तानसाहेबांच्या पावलांनी अकरा मिनिटांचे. अकरा मिनिटे झाली, वीस झाली, तास झाला. कप्तानसाहेब आले नाहीत. आठव्या दिवशीही आले नाहीत.

“जिंकलीस!” किनुए म्हणाली. “आज टेंपुरा माझ्याकडून.”

“परत आली नाही म्हणजे आवडली, असं नव्हे.”

“मग काय असं?”

“तो माणूस आयुष्यात कधी मिनिटभर उशिरा आलेला नाही. आजारी असेल. ओगिजिमाचे ते चढ तुला माहीत आहेत. नाहीतर…” हिसाएबाईंचा आवाज खाली गेला. “नाहीतर इतकी वाईट वाटली असेल, की ‘शिकायला मिळालं’ एवढंही म्हणवत नसेल.”

“अगं, मग फुकटचा विजय घे आणि गप्प बस. पैज काय होती? परत आली तर. आली नाही.”

“पैज तुझ्याशी नव्हती,” हिसाएबाई म्हणाल्या. चिठ्ठ्या लावून ठेवायच्या तर त्यांना खरोखर जागेवर राहण्याचा अधिकार आहे की नाही, हे पाहिल्याखेरीज त्यांचा हात पुढची चिठ्ठी लिहिणार नव्हता. मामेयाची सुटी बुधवारी; पण त्यांनी शनिवारीच ‘आज बंद’ अशी चिठ्ठी दाराला लावली, आणि त्या सकाळी दहाच्या बोटीत बसल्या. एकतीस वर्षांत त्यांनी चाळीस मिनिटांचे शेकडो खेळ सुचवले होते. त्या दिवशी त्यांच्या पिशवीत एकही नव्हता. मेगिजिमा आले, गेले. खिडकीतून त्या नुसत्या पाण्याकडे बघत राहिल्या, आणि हामागुचींच्या घराचा रस्ता कोणाला विचारायचा, बोलायचे तरी काय, याची शिक्षा झालेल्या मुलीसारखी तालीम करीत राहिल्या.

घर शोधायची वेळ आली नाही. ओगिजिमाच्या धक्क्यावर, पांढऱ्या छपराच्या प्रतीक्षागृहाबाहेरच्या बाकावर कप्तानसाहेब बसले होते. मांडीवर एक पिवळे मांजर, हातांत यंत्र, कपाळाला आठी. अंगावर आजारपणाची काही खूण नव्हती. हिसाएबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या, रीतीप्रमाणे वाकल्या, आणि म्हणाल्या, “कप्तानसाहेब, नमस्कार. न कळवता आले—”

“थांबा,” कप्तानसाहेब मान वर न करता म्हणाले. “खालच्या खोलीतली मंडळी निघालीयेत.”

हिसाएबाई थांबल्या. त्यांच्या पाठीमागे बोटीतून चारदोन माणसे उतरली, भाजीची खोकी उतरली, परतीची माणसे चढली. मग भोंगा झाला. अडतीस वर्षे जो भोंगा या माणसाने स्वतः वाजवला, तो त्याच्या डोक्यावरून गेला आणि त्याची पापणी हलली नाही. दोर सुटले. बोट वळली. हिसाएबाई तशाच उभ्या होत्या. अवघ्या गावात ज्याच्या विनयाचा दाखला देत, त्या पुरुषाने त्यांना पाहुण्यासारखे बसवले नव्हते, पाणी विचारले नव्हते, साधे पाहिलेही नव्हते. आणि असा अपमान जन्मात पुन्हा लाभावा, असे त्यांना वाटत होते.

बऱ्याच वेळाने कप्तानसाहेबांनी बटण सोडले, सुस्कारा टाकला, मान वर केली आणि ते ताडकन उभे राहिले. मांजर खाली पडले आणि रागाने निघून गेले.

“तोकुनागा-सान! आपण! कधी आलात?”

“बोट आली तेव्हा.”

“बोट आली?” त्यांनी समुद्राकडे पाहिले. बोट मेगिजिमाच्या वाटेवर लहान झाली होती. “बोट येऊन… गेली?”

“गेली.”

कप्तानसाहेबांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. “आणि आज वार कोणता?”

“शनिवार. आज नववा दिवस.”

“अक्षम्य. सर्वस्वी अक्षम्य.” ते कमरेत इतके वाकले की टोपी पडली. हिसाएबाईंनी टोपी उचलून दिली. दुकानाची भिंत, तिच्यावरच्या चिठ्ठ्या, मागच्या खोलीतले गुंडाळलेले फलक, सगळे त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

“मग कॅसेट आज परत करताय?”

आपल्याकडे माणसे ‘नाही’ असे सहसा म्हणत नाहीत. जरा कठीण आहे म्हणतात, विचार करू म्हणतात, डोके खाजवतात. कप्तानसाहेबांनी यंत्र छातीशी धरले.

“नाही,” ते म्हणाले.

त्या एका उघड्यावागड्या शब्दावर मामेयातल्या तीनशे चाळीस चिठ्ठ्या आपापल्या जागी राहिल्या. पुढची बोट दोन तासांनी होती. कप्तानसाहेबांनी बाक हातरुमालाने पुसला, हिसाएबाईंना बसवले, प्रतीक्षागृहातल्या नाणी टाकायच्या यंत्रातून गरम चहाचे दोन डबे आणले, आणि डबा उघडायच्या आतच म्हणाले, “बरं झालं आलात. तीन नंबरच्या खोलीत एक बाई उतरल्यात. चार दिवस झाले. ताट रिकामं पाठवतात, म्हणजे जेवण आवडतं. पण बोलत नाहीत. लोणचं बदलून पाहिलं. खोली बदलू का म्हणून विचारलं. मी काय करू?”

हिसाएबाईंनी तो खेळ पंधरा वर्षांपूर्वी पुरा केला होता. तीन नंबरच्या बाई का बोलत नाहीत, त्यांच्यासाठी काय करावे लागते, आणि त्यानंतर त्या काय सांगतात, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी चहाचा एक घोट घेतला.

“ते तुमचं तुम्ही बघा,” त्या म्हणाल्या. “पाहुण्या तुमच्याकडे उतरल्यात.”

कप्तानसाहेबांनी गंभीरपणे मान हलवली. ते सरकून बसले, यंत्र त्यांनी दोघांना दिसेल असे धरले, आणि तीन नंबरच्या दाराशी जाऊन पुन्हा एकदा हळूच टकटक केले.